कैरोतले शुक्रवार

भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा लागला की नाशकात नुकत्याच भादरलेल्या डोक्यांची गर्दी होते. या दिवसांत गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जायचं नाही असं मी दरवर्षी ठरवतो, पण आमच्या गावात गंगेवर गेल्याशिवाय काही होतच नाही. भाजी तिकडे, भांडी तिकडे, सायकलीचे सुटे भाग तिकडे. मग दिसतात ती माणसं. कुणी खानदेशातून आलेली, कुणी गुजरातेतून, हातात तोंड बांधलेलं मडकं आणि चेहऱ्यावर गाडीत झोप न झाल्याची सूज. रामकुंडात अस्थी विरघळतात म्हणे, म्हणून सगळा मुलूख आपापली मेलेली माणसं घेऊन आमच्याकडे येतो. रिक्षावाले भाव चढवतात, कावळ्यांना माज येतो. पिंडाला शिवायला अर्धा अर्धा तास लावतात मेले.

मला या दिवसांत हळवं वगैरे काही होत नाही. राग येतो, सरळ सरळ राग.

माझी आई याच पंधरवड्यात गेली. पितृपक्षात मरण आलं की माणूस थेट वर जातो असं म्हणून लोकांनी आमच्या घरच्यांचं समाधानही केलं. मी तेव्हा कैरोत होतो. ती गेल्याचं मला कळलं दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे तिची राखसुद्धा गोदावरीतून पार पुढे निघून गेल्यावर. मधल्या दिवसांत मी काय करत होतो म्हणाल, तर कैरो बघत होतो. अगदी नीट, पायऱ्या चढून, तिकिटं काढून, फोटोबिटो काढून. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं कुठलंच गाव पाहिलेलं नाही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. अंबडच्या एका कारखान्यात मी फिटर होतो. औषधाच्या गोळ्या पट्टीत बसवणारी मशिनं आम्ही बनवायचो. कैरोतल्या एका औषधवाल्यानं ती घेतली आणि ती तिथं उभी करून, चालवून, त्यांच्या माणसांच्या हातात देऊन यायला मालकानं दोघांना पाठवलं. एक आमचे पाटणकर साहेब आणि एक मी. "परत आलास की तुला कायम करतो," असं मालक म्हणाला होता. घरात त्या वाक्याचे पेढे वाटले गेले. वडील आधीच गेलेले, घरात आई, दादा, वहिनी आणि त्यांचा लहानगा निखिल. दादाला कारखान्यातून कमी केलेलं, त्यामुळे माझं कायम होणं ही सगळ्या घराची गोष्ट होती. हे मला तेव्हाही समजत होतं आणि आजही समजतं. म्हणून राग कमी होतो असं मात्र नाही.

सिडकोतल्या आमच्या घराच्या ओट्यावरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. आई रोज त्या डोंगराकडे तोंड करून तांदूळ निवडायची, पण जन्मात कधी वर चढली नाही. "काय बघायचंय तिथं? डोंगराला भोकं पाडलीत," म्हणायची. नाशिककराचं असंच असतं. पाहुणा आला की लेणी, पाहुणा आला की पंचवटी, एरवी कोण जातो मरायला? मीही अंबडला जाता-येता तो डोंगर बघायचो तो फक्त वर ढग किती आहेत ते कळायला. जुनं काही बघायची हौस मला कैरोला जाईपर्यंत नव्हती आणि पाटणकर साहेबांना तर मुळीच नव्हती.

घरी फोन नव्हता. दोन दारं पलीकडे सोनवणे काकूंकडे होता आणि अख्ख्या गल्लीचे फोन तिथंच यायचे. कैरोत सुट्टी शुक्रवारी. मी शुक्रवारी हॉटेलसमोरच्या बूथवरून लावायचो. काकू "थांब हां, धरून ठेव" म्हणून ओरडत जायच्या आणि आई धापा टाकत यायची.

"जेवतोस का रे?"

"जेवतो."

"काय जेवतोस? तिथं भाकरी मिळते का?"

"भाकरीसारखंच असतं काहीतरी, फुगलेलं. आई, इथून पिरॅमिड जवळ आहेत म्हणे."

"ते काय असतं?"

"राजाची समाधी. मेलेल्या राजाला आत ठेवायचे."

"केवढी असते?"

"आपल्या पांडवलेण्यांच्या डोंगराएवढी वाटते लांबून."

"अगं बाई. एका माणसाला?" मग म्हणाली, "बघून ये हां. आणि मला सांग आल्यावर."

हे आमचं शेवटचं बोलणं. पुढच्या शुक्रवारी फोन लावला तर दादा आला. आई बाजारात गेलीय म्हणाला. बरं म्हटलं. त्यात काय एवढं, बायका जातात बाजारात.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी सकाळी चमत्कार झाला. तोवर साहेबांचा शुक्रवार म्हणजे झोप. दुपारी एकदा उठून बरोबर आणलेला चिवडा खायचे आणि परत आडवे. मी कुठं जाऊ या म्हटलं तर म्हणायचे, "अरे, दगडं सगळीकडे सारखीच. झोपू दे." आणि त्या सकाळी मी फोनला निघालो तर साहेब दाढी करून, बूट घालून दारात उभे.

"चल. आज म्युझियम."

"आधी घरी फोन करून येतो, साहेब."

"फोन काय पळून चाललाय? संध्याकाळी कर. परदेशात येऊन खोलीत लोळणारा माणूस आणि गाढव, दोघांत गाढव बरं. चल, चल."

इतके शुक्रवार खोलीत लोळायचा सल्ला कुणी दिला होता, हे मी विचारलं नाही. साहेबांच्या अंगात आलंय म्हटलं, आपली चंगळ होतेय, निघालो.

ते गुलाबी रंगाचं म्युझियम, त्याच्यापुढचं छोटं तळं, आत धुळकट कपाटांत नुसते खच पडलेले देव. मेलेल्या राजांच्या खोलीला वेगळं तिकीट होतं. तेही साहेबांनी काढलं. चहाचेसुद्धा अर्धे मागणारा माणूस! आत अंधार, गारवा आणि काचेखाली राजे झोपलेले. नाक शाबूत. दात शाबूत. एकाचे केससुद्धा होते, मेंदी लावल्यासारखे तांबूस. नखं होती. पायांची बोटं फडक्यातून बाहेर आली होती. मी एकेकाच्या तोंडावर वाकून वाकून बघत होतो. हजारो वर्षं झाली आणि यांचं मुखदर्शन अजून चालूच आहे, याची मला भारी गंमत वाटली.

"साहेब," मी म्हटलं, "ह्याचं दहावं राहिलं वाटतं करायचं."

साहेब हसले नाहीत. माझ्याकडे बघितलं, घाम पुसला आणि "मी जरा बाहेर आहे" म्हणून निघून गेले. मला वाटलं, साहेबांना वासाचा त्रास झाला.

त्या सकाळी माझ्या आईला पंचवटीत अग्नी दिला. आमच्याकडे माणूस गेलं की लोक आधी एकच विचारतात, तोंड बघायला मिळालं का? मलाही पुढे सगळ्यांनी विचारलं. मी नाही म्हणायचो. त्या दिवशी मी पाहिली ती तोंडं कुणाची होती हे त्यांना काय सांगणार! एक फोटो आहे त्या दिवसाचा. म्युझियमसमोर मी, हातात थंड पेयाची बाटली, बत्तिशी बाहेर. तेव्हाच्या कॅमेऱ्यात फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख यायची. ती तारीख आमच्या घरात दुसऱ्या एका फोटोखालीही लिहिलेली आहे, पण तो भिंतीवर आहे.

संध्याकाळी फोन केला. काकूंनी घेतला, काही न बोलता दादाला बोलावून आणलं. आई देवळात गेलीय, दादा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. मी म्हटलं, सर्दी झालीय का? हो म्हणाला.

मग काय, दर शुक्रवारी साहेब आणि मी. किल्ला पाहिला. वरच्या मशिदीच्या अंगणातून सगळं कैरो दिसतं, धुरकट, मातकट, आणि लांब टोकाला ते पिरॅमिड. साहेब पुस्तक उघडून मोठ्यानं वाचून दाखवायचे, कुठल्या सुभेदारानं कुणाला जेवायला बोलावलं आणि बोळात गाठून कापून काढलं. जुन्या शहराची वेस पाहिली, तिच्यावर म्हणे मुंडकी टांगायचे. कबरस्तान पाहिलं, त्यात माणसं संसार थाटून राहतात, कबरीवर पोरं अभ्यास करतात, दोरीवर धुणं वाळत असतं. नाईलच्या बेटावर पुराचं पाणी मोजायचा खांब पाहिला. मी म्हटलं, "साहेब, हा तर आपला दुतोंड्या मारुती!" आमच्याकडे गंगेला पूर आला की पाणी दुतोंड्याच्या कमरेला लागलं की छातीला यावर अख्खं गाव पुराचा अंदाज बांधतं. साहेब त्या दिवशी फार हसले, माझ्या पाठीवर थापा मारत. विनोद तेवढा काही मोठा नव्हता.

आणि एका शुक्रवारी पिरॅमिड. जवळ गेल्यावर ते डोंगरासारखे वाटत नाहीत. नुसती दगडाची चळत, एकेक दगड छातीएवढा. मी पायथ्याशी हात लावून उभा राहिलो आणि आईला सांगायचं काय काय ते मनात लावत बसलो. उंटवाला काय बोलला, आतला बोळ किती बुटका, वाकून वाकून कंबर कशी धरली. तिला असलंच आवडायचं. राजाबिजाचं तिला काही नव्हतं. संध्याकाळी फोनवर दादा म्हणाला, आई मावशीकडे इगतपुरीला गेलीय, तिथं अजून पाऊस आहे, फोनच्या तारा पडल्यात. आणि त्याच्या पुढच्या वेळी म्हणाला, "झोपलीय रे. उठवू का?"

"नको," मी म्हटलं. "झोपू दे."

माझ्या तोंडून हे वदवून घेतलं त्यानं. किती सहज!

जुन्या बाजारात आईसाठी शाल घेतली. दोन रंगांत माझं ठरेना. साहेबांनी दुकानदाराशी हुज्जत घातली, शाल उलटीपालटी केली, धागा ओढून पाहिला आणि म्हणाले, "निळी घे. आईंना निळी छान दिसेल." हा माणूस काय काळजाचा असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे. दुष्ट म्हणावा तर दुष्ट नव्हता. सांगितलेलं काम चोख करणारा होता. मशीन उभं करायचं होतं, मला गुंतवून ठेवायचं होतं, दोन्ही त्यानं वेळेत केलं. ती शाल नंतर वहिनीनं वापरली. चांगली निघाली, उबदार.

मुंबईच्या विमानतळावर दादा जीप घेऊन आला होता. त्याचे केस अगदी बारीक, नुकतेच उगवल्यासारखे.

"हे काय केलंस?"

"उकडत होतं रे फार," दादा म्हणाला.

नाशिकच्या माणसाला बारीक केसांचा अर्थ कळू नये? आम्ही तर डोकी बघतच लहानाचे मोठे झालो. पण आपल्या घरातल्या डोक्याकडे माणूस तसं बघत नाही. घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो. मी म्हटलं, "मावशीकडे डोकावू या का? आई गेली का परत घरी?" दादा म्हणाला, "चहा पी, गार होतोय." वाटेत मी त्याला सगळं कैरो सांगितलं. राजे, वेस, मुंडकी, उंट. तो "हो का?" "अरे वा!" करत राहिला. घरी आलो, चपला काढल्या, "आई" म्हणून हाक मारली आणि समोर भिंतीवर फोटो. चंदनाचा हार. मला कुणी सांगितलंच नाही, आजपर्यंत तोंडानं कुणी सांगितलेलं नाही.

गुरुजी म्हणाले, मुलाला ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून सुतक. बाकीच्यांचं फिटलेलं होतं. त्यामुळे बाहेर दिवाळीचे फटाके वाजत होते, शेजारच्या बायका रिवाजाप्रमाणे आमच्या घरी फराळाची ताटं आणून देत होत्या, घरातली माणसं गुपचूप चकल्या खात होती आणि मी एकटा कोपऱ्यात चटईवर, कुणी शिवायचं नाही. आई माझ्यापुरती आत्ता मेली होती. मग मीही गंगेवर जाऊन डोकं भादरून आलो. न्हावी म्हणाला, "उशीर केला का हो?" त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

कारखान्यात गेलो तर गेटवरचा वॉचमनसुद्धा म्हणाला, "वाईट झालं. आम्हाला तर तेव्हाच कळलं होतं." म्हणजे वॉचमनला माहीत, कँटीनला माहीत, कैरोत साहेबांना माहीत, फक्त मला नाही. साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते उठून उभे राहिले, माझा हात हातात घेतला.

"तुझ्या भावाचा निरोप आला होता रे. तू निघून आला असतास तर मशीन तसंच राहिलं असतं, तुझं कायम होणंही गेलं असतं. मी काय करणार? म्हटलं, पोराला जरा फिरवू. दाखवलं की नाही सगळं कैरो? आता जन्मभर लक्षात राहील बघ तुझ्या."

आभार मानायची वाट बघत होते ते. मी कायम झालो, त्याच महिन्यात.

दादाशी मी बोलणं तोडलं नाही, याचं कारण एकच. तो म्हणाला होता, "झोपेत गेली रे आई. काही त्रास नाही. आदल्या दिवशीच सहज म्हणाली, सुध्याला काही कळवत जाऊ नका, त्याचं काम होऊ दे." आता आईच म्हणाली म्हटल्यावर बोलणार काय? साहेबांनी, दादानं, सगळ्यांनी तिचंच ऐकलं, असं धरून चाललं की जगता येत होतं. राग यायचा तो या पंधरवड्याचा यायचा, कावळ्यांचा यायचा. तिनं मला मोकळं सोडलं होतं, असं मी मानलं. लग्न झालं, पोरं झाली, अंबडला मी फोरमन झालो. दरवर्षी भाद्रपदात दादाकडे पान वाढलं जायचं आणि मी जाऊन जेवायचो.

आता गाव बदललं. दिंडोरीकडे द्राक्षांची दारू निघायला लागली तशी तिकडे जाणारी गोरी माणसं वाटेत रामकुंडही करून जातात. कॅमेरे घेऊन पायऱ्यांवर उभी असतात, पिंडांचे, कावळ्यांचे, रडणाऱ्या माणसांचे फोटो काढतात, खूश असतात. परवा एक बाई अशीच हसत हसत माझ्या शेजारी उभी होती. मला वाटलं, हिला विचारावं, बाई, घरी कुणाशी बोललीस शेवटचं? आणि ज्यानं फोन घेतला तो खरं बोलला का? पण आपलं इंग्रजी तेवढं नाही. तिनं माझाही एक फोटो काढला.

यंदाच्या जेवणाला सोनवणे काकू आल्या होत्या. गल्ली सोडून त्या कधीच मुलाकडे राहायला गेल्या, आता फार थकल्यात. त्यांना माझ्या शेजारी बसवलं. पानात वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. दादा कढी वाढत होता. निखिल गेल्या वर्षापासून जर्मनीत आहे, दर रविवारी त्याचा फोन येतो आणि त्या दिवशी दादा मोबाइल छातीशी धरून बसतो, असं वहिनी सांगत होती. दादाला मध्ये दम्यानं दवाखान्यात ठेवलं होतं, तेही निखिलला सांगितलंय म्हणाली.

काकू खिरीत वडा बुडवून खाता खाता म्हणाल्या, "सांगितलं ते बरं केलं. नायतर तुझ्या आईसारखं व्हायचं. लय हाका मारायची रे ती तुला."

"कधी?" मी म्हटलं.

"अरे, दवाखान्यातून घरी आणली ना, तेव्हा. डॉक्टरच म्हणाला, घरी न्या. आठवडाभर खाटेवर होती. सारखं एकच, सुध्याला फोन लावा, त्याला बोलवा. तो शुक्रवार आठवतो मला. तुझा फोन आला, घंटा तिला खाटेवरून ऐकू गेली. 'सुध्याचा हाय का, सुध्याचा हाय का,' उठूनच बसली. तुझा दादा माझ्याकडं येऊन तुझ्याशी बोलला आणि परत जाऊन तिला म्हणाला, राँग नंबर होता."

वहिनी म्हणाली, "काकूंचं वय झालं आता. काहीही आठवतं त्यांना."

"मला सगळं नीट आठवतं," काकू म्हणाल्या आणि परत खिरीकडे वळल्या.

बाजारात गेलीय म्हणाला होता तो त्या शुक्रवारी. दोन दारं पलीकडे होती ती, उठून बसलेली. मी दादाकडे बघितलं. त्याच्या हातात कढीचं पातेलं, डाव कढीत बुडालेला.

"आई म्हणाली होती ना, सुध्याला कळवू नका?"

दादानं डाव कढीत ढवळला. मग म्हणाला, "तिचा आवाज ऐकला असतास तर तू निघून आला असतास."

"हो. आलो असतो."

"म्हणून," दादा म्हणाला.

श्राद्धाच्या पानावरून मध्येच उठलं तर पितर उपाशी जातात. तिला आणखी उपाशी पाठवायचं नव्हतं, म्हणून मी बसून राहिलो. भात कालवला. दादा अजून माझ्यापुढेच उभा होता, त्याला दम लागला होता. मी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दादा, तुझी वेळ येईल तेव्हा तू काही काळजी करू नकोस. निखिलचा फोन मी घेईन."

दादाच्या हातातलं पातेलं कलंडलं, कढी त्याच्या पायावर सांडली. वहिनी फडकं आणायला धावली. त्या घरात इतकं वाईट कुणी कधी बोललं नव्हतं, आणि मला बरं वाटलं. मी भात संपवला आणि दादाला म्हटलं, "उरली असेल तर वाढ."